डिझेलच्या काट्याची साक्ष

१

शुक्रवारी सकाळी साडेसातला अंकितनं पिकअपची चावी अर्धी फिरवली, डॅशबोर्डकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता मोबाइलवर फोटो काढला. काल संध्याकाळी पाऊण टाकी दाखवणारा डिझेलचा काटा आता अर्ध्याच्याही खाली येऊन बसला होता. चार रात्रींतली ही तिसरी चोरी.

हुडकेश्वरच्या त्या कापडाच्या गोडाऊनला उंच भिंत होती, फाटक होतं, फाटकावर चौकीदार होता. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं आणि ते कुणी फोडलेलं नव्हतं. म्हणजे ज्यानं उघडलं त्यानं किल्लीनं उघडलं. किल्ल्या तीन. एक अंकितकडे, एक ड्रायव्हर रुपरावांच्या कमरेच्या करगोट्याला, एक चौकीदार गोविंदाभाऊंच्या खोलीत खिळ्याला. अंकितनं स्वतःला वगळलं. माणूस स्वतःला वगळूनच मोजायला लागतो. उरले दोन.

हे सगळं मिनलनं शामलाला सांगितलं तेव्हा नऊ वाजले होते आणि दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं.

दुकानावर पाटी होती: 'शामला ऑटो मीटर रिपेअर'. पाटीवरची शामला पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. चाळिशीपर्यंत ती शिलाई मशिनीच्या मोटरी दुरुस्त करायची. मग एकदा एका ऑटोवाल्यानं बंद मीटर आणून तिच्यापुढे टाकलं, 'होत असेल तर पाहा, नाहीतर भंगारात दे' म्हणाला. झालं. तेव्हापासून गाड्यांचे काटे तिच्याकडे येऊ लागले. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाच्या चुकाही तिच्या डोक्यात नव्हत्या. स्वतःच्या होत्या तेवढ्या पुरे होत्या.

"आता मले सांग," ती मिनलला म्हणाली, "तुह्या मते त्या दोघांतला कोण?"

मिनल मागच्याच गल्लीत राहायची. बोलायला एरवी तिखट. आज तिनं शटरच्या कडीवर बोट फिरवत वेळ काढला.

"काकू, रुपराव माझे बाबा. अन् गोविंदाभाऊ माझे सासरे."

शामलानं शटर आहे तिथंच सोडलं.

"सासऱ्याले ती नोकरी बाबानंच लावून दिली," मिनल म्हणाली. "आता पाच वाजता शेठजी येणार आहे. बाबा त्यांच्यापुढं कबूल करतो म्हणून राहिले. मी चोरलं म्हणणार अन् चावी ठेवून देणार. वीस वर्षं चालवली त्यांनी ते गाडी."

"त्यांनी चोरलं का?"

"नाही."

"कशावरून म्हणतेस?"

"कबूल करतो म्हणाले त्यावरून. आईच्या हातून कप फुटला तरी माझ्याच हातचा फुटला म्हणते तो माणूस." मिनलनं पदरानं नाक पुसलं. "काकू, बाबा चोर ठरले तर मी त्या घरात मान वर करून राहू शकत नाही. अन् सासरे चोर ठरले तर माझा नवरा माझ्या बापाचं तोंड पाहणार नाही. तिसरा कोणी सापडून द्या मले."

शामलानं चष्मा पुसला. किल्ल्या तीन होत्या. तिसरा तर अंकितच.

२

अंकितनं तिला फाटकातच अडवलं. ओमप्रकाश शेठजींचा पुतण्या, वय सत्तावीस, गांधीबागेतलं दुकान काका पाहायचे आणि गोडाऊन हा.

"ताई, मीटर चेक झालाय," तो म्हणाला. "बुधवारी दुपारी मेकॅनिक येऊन गेला. टाकीत काडी घालून पाहिली, काटा पाहिला. जितकं डिझेल तितकाच काटा. टाकीतला तरंगा, म्हणजे फ्लोट, तोही काढून पाहिला, बरोबर आहे. काट्याची काही गलती नाही. गलती माणसाची आहे."

"मग मीटर नाही पाहत. फोटो तर दाखवशील?"

फोटो दाखवायला त्याला आवडलं. पुरावा स्वतः जमवलेला असला की माणूस तो लग्नाच्या अल्बमसारखा दाखवतो. आठ फोटो होते, चार संध्याकाळचे, चार सकाळचे. संध्याकाळी सातच्या सुमाराला गाडी फाटकात आली की अंकित खिडकीतून आत वाकून फोटो घ्यायचा. सकाळी स्वतः चावी फिरवून घ्यायचा.

सोमवारी संध्याकाळी अर्ध्याच्या वर, मंगळवारी सकाळी पाव. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा अर्ध्याच्या वर, बुधवारी सकाळी पाव.

"आता हा पाहा. बुधवारी संध्याकाळी अर्ध्याच्या वर, अन् गुरुवारी सकाळी अर्ध्याला थोडासा कमी. म्हणजे त्या रात्री चोरी नाही."

"चोर सुट्टीवर होता वाटते."

"मेकॅनिक आला होता ना त्या दिवशी. घाबरला असेल. काल पुन्हा लागला कामाला. संध्याकाळी पाऊण, आज सकाळी अर्ध्याच्या खाली."

शामलानं आठही फोटो आपल्या मोबाइलवर पाठवायला लावले आणि बोटांनी मोठे करून पाहिले. संध्याकाळच्या फोटोंत डॅशबोर्डच्या आतले बारके बल्ब पेटलेले, सगळं पिवळंधमक. सकाळचे फोटो राखाडी, फिके. संध्याकाळच्या फोटोंत शेजारचा इंजिनाच्या तापाचा काटाही लाल पट्टीला टेकायला आलेला. सकाळी तो तळाशी. थंड इंजिनाचा असतोच.

"गाडी गरम होते का?"

अंकित हसला. "तोच तर बहाणा आहे. मंगळवारी अन् काल, दोन्ही दिवस रुपरावकाका कामठी रोडवर अर्धा अर्धा तास गाडी लावून उभे होते. आमच्या एका गिऱ्हाइकानं पाहिलं. विचारलं तर म्हणे गाडी गरम झाली. मेकॅनिकनं रेडिएटर पाहिला, पाणी बरोबर, पंखा बरोबर. गरम व्हायचं कारणच नाही. अर्ध्या तासात काय विकलं कोणास ठाऊक."

"पण डिझेल तर रात्री जाते. फोटो तूच घेतोस, गाडी फाटकात आल्यावर."

त्यानं मोबाइलवरचे फोटो एकदा मागंपुढं सरकवले. मग म्हणाला, "जुगाड करणारे खूप हुशार असतात ताई."

त्याच्या टेबलावर नव्या पिकअपचं चकचकीत माहितीपत्रक पडलं होतं. पांढरी गाडी, खाली हप्त्यांचं कोष्टक, आणि एका रंगाभोवती पेनानं केलेला गोल. शामलाची नजर तिथं गेली तशी अंकितनं त्यावर मोबाइल ठेवला.

जुनी गाडी आणि जुना ड्रायव्हर एकाच वेळी नकोसे झाले, तर काटा किती सोयीचा. किल्ली आहे, फोटो आहेत, आणि फोटो काढणारा एकटाच आहे. तिसरा माणूस सापडला असं तिला वाटलं. सोपं सापडलं की शामलाला मात्र आधी स्वतःचाच राग यायचा.

३

गाडी आज कामावर नव्हती. शेडखाली उभी होती आणि रुपराव तिची काच पुसत होते. पुसून झालेली काच ते पुन्हा पुसत होते.

साठीला आलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. गाडीला मात्र वाक नव्हता. बॉनेटवर सुकलेल्या हळदीकुंकवाची बोटं, आरशाला झेंडूची वाळकी माळ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं असतं. सुताराचा रंधा, शिंप्याची मशीन, रुपरावांची ही गाडी. केबिनच्या आत ताजा क्रीम रंग होता, अगदी डॅशबोर्डच्या कडांपर्यंत, एक थेंब ओघळलेला नाही.

"नवरीसारखी सजवली जी तुम्ही," शामला म्हणाली.

"दसऱ्याले सजवतोच बाई." त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मीटर बाहेर काढून आतूनही रंगवली औंदा. ब्रशाच्या रेघा मले खपत नाही."

"गाडी गरम होते म्हणता."

"काटा लाल पट्टीले जाते. बाजूले घेतो, बॉनेट उघडतो. पाह्यतो तर पानी बरोबर, वाफ नाही, वास नाही. थंडी होऊ देतो, निघतो. घरी येईस्तोवर काटा पुन्हा वर." त्यांनी फडकं झटकलं. "कोनी मानत नाही. जाऊ द्या."

"दुपारी कामठीला जाताना नाही होत गरम?"

रुपराव विचारात पडले. "नाही. येतानाच होते. दिवस मावळला का."

शामलानं हे कानामागं टाकलं नाही, पण उचललंही नाही. संध्याकाळी गाडी भरलेली असते, इंजिनावर ताण येतो. होत असेल.

"भाऊ, डिझेल कोण घेते?"

"मी घेतलं."

"कशानं काढलं?"

"नळीनं."

"कुठंय नळी?"

"फेकली."

"कोणत्या रात्री नाही काढलं?"

रुपराव पुन्हा काच पुसायला लागले. चोरीच्या रात्री चार की तीन, हे चोरालाच ठाऊक नव्हतं.

"तुमचा कोणावर शक आहे," शामला म्हणाली, "म्हणून तुम्ही कबूल करता."

"मले कोनावर शक नाही." पण म्हणताना त्यांची नजर फाटकाशेजारच्या चौकीदाराच्या खोलीकडं गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. "गाडी खोटं नाही बोलत बाई. वीस वर्सात एकडाव नाही बोलली. काटा म्हनते डिझेल गेलं, तं गेलं. कोनाचं तरी नाव लागनंच हाये. माह्यं लागू द्या. पोरगी त्या घरात सुखात हाये."

४

चौकीदाराची खोली म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह, एक मोठं प्लास्टिकचं पिंप. गोविंदाभाऊ बुटके, गोल, एरवी गमत्ये. मिनलच्या लग्नात ते वरातीत आपल्याच पोरापेक्षा जास्त नाचले होते, हे शामलाला आठवत होतं. आज दुपारी शामला दाराशी आली तेव्हा त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

"इवायाबद्दल माह्या तोंडून काही निघनार नाही," ते म्हणाले. व्याह्याला इकडं इवाईच म्हणतात.

"मी त्यांच्याबद्दल काही विचारलंच नाही."

गोविंदाभाऊंचा चेहरा पडला.

"भाऊ, पाणी द्या मले थोडं," असं म्हणत शामला पिंपाकडं वळली आणि पिंपाच्या मागं तिला ते दिसलं. लाल प्लास्टिकची चाडी, नरसाळं म्हणा. शेजारी दहा लिटरची रिकामी कॅन. चाडी तिनं नाकाजवळ नेली. डिझेल.

"हे काय?"

"स्टोव्हसाठी," गोविंदाभाऊ म्हणाले.

"स्टोव्ह तर गॅसचा आहे."

त्यांनी स्टोव्हकडं पाहिलं, जणू त्यानंच दगा दिला. मग खाटेवर बसले आणि भिंतीकडं तोंड केलं. "बाई, तुमाले जे समजायचं ते समजा. पन मिनलले सांगू नका."

शामला बाहेर आली. तिसरा माणूस पुसला गेला होता. अंकितच्या टेबलावर नुसतं माहितीपत्रक होतं. इथं कॅन होती, वास होता, खोटं बोलणं होतं. आणि रुपरावांना ते ठाऊक असावं, म्हणूनच ते गळ्यात धोंडा बांधून घ्यायला निघाले होते. पाच वाजायला दोन तास होते. मिनलला काय सांगायचं?

समोरच्या टपरीवर तिनं चहा घेतला. टपरीवाला एका कपातला चहा दुसऱ्या कपात ओतत होता, चाडी न लावता, एक थेंब न सांडता. शामला पाहत राहिली.

चाडी कशाला लागते? मोठ्या भांड्यातून अरुंद तोंडात ओतायला. टाकीतून डिझेल काढायचं तर नळी लागते. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं थेट कॅनमध्ये. मधे चाडीचं काम काय?

तिनं कप खाली ठेवला. मोबाइलवरचे फोटो पुन्हा उघडले. आता काट्यांकडं न पाहता तिनं नुसता हिशोबाचा विचार केला, बायका पाण्याच्या बादल्यांचा करतात तसा. सकाळी जाताना अंकित रोज एका दिवसापुरतं डिझेल भरायला लावतो, हे मिनलनं सांगितलं होतं. ते दिवसभरात संपतं. म्हणजे एक बादली घातली, एक बादली काढली. टाकी जिथल्या तिथं. त्यावर रोज रात्री चोर आणखी एक बादली नेतो. मग टाकी दुसऱ्याच दिवशी तळाला लागायला हवी होती. मंगळवारी सकाळी पाव. बुधवारी सकाळीही पावच. एक थेंब इकडंतिकडं नाही.

आणि गुरुवारी सकाळी, जवळजवळ अर्धी. आजही तेवढीच.

समोरच्या कपातला चहा निवला. ज्या टाकीतून तीनदा चोरी झाली म्हणतात, तिच्यातलं डिझेल कमी झालंच नव्हतं. वाढलं होतं.

५

ओमप्रकाश शेठजी पाचला दहा मिनिटं असताना आले. पांढरा सफारी, बोटात दोन अंगठ्या, आणि चेहऱ्यावर न आवडणारं काम करायला आलेल्या माणसाचा थकवा. मिनल फाटकाशी उभी होती. तिच्या सासऱ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, बापानंही नाही.

रुपरावांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि पुढं केली. "शेठजी, ते डिझेल..."

"भाऊ, एक मिनिट," शामला मधे बोलली. "कबुली कुठं पळून जात नाही. शेठजी, मले एक सांगा. गांधीबागेत गिऱ्हाइकाले भारी कापड दाखवायचं असलं तर तुम्ही ते दुकानातल्या दिव्याखाली दाखवता का?"

शेठजी गोंधळले. "नाही. रस्त्यावर नेतो. दिव्यात रंग फसवतो. उजेडात खरा दिसतो."

"तुमच्या पुतण्यानं चार कापडं दिव्यात पाहिली अन् चार उजेडात. मग म्हणे रंग चोरीला गेला."

अंकितनं तोंड उघडलं, पण शामलानं त्याच्या हातात एक कडुनिंबाची सरळ काडी दिली. "टाकीत घाल. किती ओली होते ते सर्वांना दाखव."

झाकण उघडलं. काडी अर्ध्याला थोडी कमी ओली झाली. शामलानं चावी अर्धी फिरवली. काटा वर चढला आणि अर्ध्याला थोडा कमी, तिथं थांबला.

"बघा," अंकित म्हणाला. "म्हटलं होतं ना, काटा बरोबर आहे."

"हाव, बरोबर आहे. भरदुपारी मेकॅनिक आला तेव्हाही बरोबरच होता. आता रुपरावभाऊ, हेडलाइट लावा."

रुपरावांनी खटका ओढला. शेडच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले, डॅशबोर्डचे बल्ब पेटले. काटा जागचा हलला नाही. एक, दोन, तीन सेकंद. अंकितनं हात झटकले.

मग काटा निघाला. सावकाश, झिजलेल्या पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, अर्धा ओलांडून, पाऊणवर जाऊन टेकला. शेजारचा तापाचा काटाही तळाहून उठला आणि वर सरकला, बंद इंजिनाचा. बॉनेटवर हात ठेवला तर सकाळची थंडी लागावी इतकं इंजिन गार होतं.

"टाकीत कोणी काही टाकलं का आत्ता?" शामलानं विचारलं.

सगळ्यांनी टाकीच्या झाकणाकडं पाहिलं.

"बंद करा."

दिवे गेले. काटा पुन्हा सावकाश खाली आला, जुन्या जागी बसला. डोळ्यांदेखत, भर पाच वाजता, पाव टाकी डिझेल चोरीला गेलं.

"गाडी संध्याकाळी दिवे लावून येते, तू दिव्यात फोटो घेतोस," शामला अंकितला म्हणाली. "सकाळी दिवे बंद असतात, तेव्हा घेतोस तो खरा. एकटा डिझेलचा काटा फसवत असता तर मी टाकीतल्या तरंग्यावर गेली असती. पण दोन काटे जोडीनं चढतात अन् जोडीनं उतरतात. म्हणजे खोट दोघांच्या सामायिक जागी आहे. भाऊ म्हणाले ना, दिवस मावळला की गाडी गरम होते. मी ऐकूनही सोडून दिलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं मले."

"पण काहून होते असं?" शेठजींनी विचारलं.

"न्हाणीची मोरी तुंबली की काय होते? वर नुसता नळ असला तर पाणी हळूहळू निघून जाते. वरून बादली उपडी केली का पाणी चढते. मीटरची वीज जिथून परत जाते ते अर्थिंगची वायर म्हणजे मोरी. ते तुंबली आहे. दिवे लावले म्हणजे बादली उपडी केली. काटे त्या पाण्यावर वर येतात." तिनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "आता पाहू, मोरीत काय अडकलं."

६

मीटर बाहेर काढायला पाच मिनिटं लागली. मागं, केबिनच्या पत्र्याला, काळ्या वायरचं कडं एका स्क्रूखाली आवळलेलं होतं. शामलानं स्क्रू काढला. कड्याखाली उघडा पत्रा असायला हवा. तिथं क्रीम रंग होता, गुळगुळीत, एका थरात, ब्रशाची रेघ नसलेला. रंगावर कड्याचा गोल ठसा उमटला होता.

"रंग वीज जाऊ देत नाही," ती म्हणाली. "स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम वाट होती, तेवढ्यावर चाललं. हे वायर कोणी सोडवली?"

"मी," गोविंदाभाऊ म्हणाले. फार हळू. "खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. इवाई म्हनले, कड्याच्या खाली रंग नाही गेला तं वाईट दिसन. मी सोडवली अन् रंग मारला."

"परत कोणी लावली?"

"मी," रुपराव म्हणाले. "रंग ओलाच होता. सूर्य चालला होता, पूजा सकाळी होती." त्यांनी त्या पत्र्याकडं पाहिलं. "चांगला दिवस होता तो. चिवडा खाल्ला आमी इथंच बसून."

शामलानं पॉलिश पेपरनं कड्याएवढी जागा घासली. रंग निघाला, पत्रा चमकला. तिनं कडं बसवलं, आवळलं, मीटर लावलं. दिवे लावले. सगळे काट्याकडं वाकले. काटा हलला नाही, पाचसहा सेकंद गेले तरी. तापाचा काटा तळाशीच होता.

"म्हणजे चोरी झालीच नाही," अंकित म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. "मग गुरुवारी डिझेल वाढलं कसं?"

"ते मी सांगू का, भाऊ, का तुम्ही सांगता?" शामलानं गोविंदाभाऊंना विचारलं.

गोविंदाभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मले वाटलं इवाई घेते म्हनून. त्याईची काही अडचन असन, कोनाले सांगत नसन. आता सुनेच्या बापाले विचारू कसा? मंग गुरवारी फाटेफाटे, उजाडाच्या आंधी, पंपावरून कॅन भरून आनली अन् टाकीत ओतली. म्हनलं फोटोत कमी नाही दिसलं तं वाचन बिचारा."

रुपरावांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "कॅन घेऊन येताना मी पाह्यलं तुमाले. गुरवारी, रस्त्याच्या त्या अंगाहून. लपवून आनत होते तुमी. मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"जाऊ द्या इवाई."

"भरलेली कॅन आत चालली होती, गा! बाहेर नाही."

"हाव. आत्ता ध्यानात आलं."

शेठजींनी रुपरावांच्या हातावरची किल्ली उचलली, स्वतःच त्यांच्या करगोट्याला बांधायला गेले, त्यांना गाठ जमली नाही, मग ती तशीच त्यांच्या मुठीत कोंबली. "वीस साल झाले रुपराव. मले फोनच करायला पाहिजे होता. मी फोटो पाहत बसलो." मग पुतण्याकडं वळले. "अन् तू. आपल्या दुकानात दिव्याखाली कापड विकलं तर गिऱ्हाईक परत आणून तोंडावर मारते. दोघांना 'काका' म्हण अन् माफी माग यांची."

अंकितनं माफी मागितली. मागताना त्यानं दोघांच्या पायांना हात लावला, आणि माहितीपत्रक दुमडून मागच्या खिशात घातलं. ते त्यानं फाडलं नाही, हे शामलानं पाहिलं. तिला त्याचा राग नव्हता. सकाळी दहाला तिनंही त्याला चोर ठरवून टाकलं होतं, आणि तीनला गोविंदाभाऊंना. काट्यानं तिलाही तेवढंच चढवलं होतं.

मिनल इतका वेळ फाटकाशीच होती. आता ती पुढं आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्याले चोर समजले," ती म्हणाली. "अन् मामंजी, तुम्ही माझ्या बापाले. दोघंही माझ्याच हातच्या डब्यातलं जेवले चार दिवस, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं दोघांनी, अन् हे नाही सांगता आलं." तिनं डॅशबोर्डकडं बोट केलं. "काट्याले विचारलं. एकमेकाले नाही विचारलं."

दोघंही जमिनीकडं पाहत होते. एक उंच, एक बुटका, आणि मान मात्र सारखीच खाली.

"मले वाटलं गाडी खोटं बोलत नाही," रुपराव म्हणाले.

"गाडी नाहीच बोलली," शामला म्हणाली. "तुम्हीच तिच्या तोंडाले रंग लावला."

गोविंदाभाऊंच्या पोटातून हसू आलं. दाबलं तरी आलं. मग रुपरावांनाही आवरलं नाही.

सूर्य शेडच्या मागं गेला. शेठजींनी सांगितलं, आज गाडी घरीच घेऊन जा, उद्या सकाळी कामठी. रुपराव स्टिअरिंगवर बसले. गोविंदाभाऊंची ड्यूटी अजून बाकी होती, पण अंकित म्हणाला, मी थांबतो फाटकावर, तुम्ही जा. तो कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसलाही. मिनल दोघांच्या मधे बसली, गुडघे गिअरच्या दांड्याला लागत होते. शामला स्कूटरवर मागं निघाली. रस्ता तोच होता.

फाटकाशी येताच रुपरावांनी दिवे लावले. मागच्या काचेतून शामलाला दिसलं, दोन्ही म्हाताऱ्यांच्या माना एकदमच खाली गेल्या. डॅशबोर्डवर, काट्याकडं.

मिनलनं हात पुढं केला आणि मीटरच्या काचेवर तळवा ठेवून तो काटा झाकून टाकला.

"समोर पाहा," ती म्हणाली.